टायमिंग बेल्ट तुटल्यावर हेडचं काम केलेलं इंजिन: काही महिन्यांच्या वापरानंतर

"बेल्ट तुटला म्हणजे इंजिन गेलं, सेकंडहँड इंजिन बसवून टाका," असं दोन गॅरेजमध्ये ऐकल्यावरही मी हेडचंच, म्हणजे व्हॉल्व (झडपा) असलेल्या इंजिनाच्या वरच्या भागाचंच काम करून घेतलं. गणपतीच्या आधी गाडी हातात आली, आता आंब्याचा सीझन सुरू झालाय. कोल्हापूर-पुणे नेहमीचं, मध्यंतरी फोंडा घाट उतरून कोकणही झालं. इंजिन ठणठणीत आहे.

गाडी जुनी, दीड लिटरची डिझेल. विकणाऱ्याने टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल दाखवलं होतं, ते अल्टरनेटरच्या बेल्टचं निघालं. कराडच्या पुढे चालत्या गाडीत इंजिन एकदम बंद. ना धूर, ना मोठा आवाज. अशा वेळी पुन्हा सेल्फ मारायचाच नाही. बेल्ट तुटल्यामुळे व्हॉल्व उघडणारा कॅमशाफ्ट थांबलेला असतो, पिस्टनला जोडलेला क्रँक मात्र फिरून पिस्टन वर ढकलतो, आणि उघडे राहिलेले व्हॉल्व त्याच्या वाटेत येतात. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे पिस्टन वर आला की हेडखाली जागाच उरत नाही.

हेड उतरवल्यावर पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्वच्या कडेचे अर्धगोल वण दिसले. काही व्हॉल्व डोळ्यांना अगदी सरळ वाटत होते, पण उद्यमनगरातल्या लेथवाल्याने फिरवून दाखवले तेव्हा डगमगले. सगळेच नवीन टाकले, गाइड (व्हॉल्वची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) बदलले, व्हॉल्व टेकतो त्या सीटवर लॅपिंग केलं, म्हणजे पेस्ट लावून घासून बसवले. मग हेडच्या पोर्टमध्ये, म्हणजे हवा-धुराच्या वाटांमध्ये, रॉकेल ओतून ठेवलं. व्हॉल्वकडून एक थेंब झिरपला नाही, तेव्हाच हेड उचललं.

मेकॅनिकचं खरं कौतुक पुढच्या कामासाठी. चारही पिस्टन एकेक करून वर आणून त्याने डायल गेजने उंची मोजली. पिस्टन आणि क्रँक जोडणारा एखादा कनेक्टिंग रॉड वाकला असता तर तो पिस्टन खाली राहिला असता. ही तपासणी न करता हेड बसवणाऱ्याकडे इंजिन देऊ नका.

जुन्या बेल्टचे दात एका पट्ट्यात सोलून निघाले होते आणि रबर ऑइलने चिकट झालं होतं. कॅमशाफ्टचं सील गळत होतं. म्हणून सील, बेल्ट ताणून आणि वळवून धरणाऱ्या पुली (टेन्शनर, आयडलर) आणि वॉटर पंपही नवीन. आमच्या इंजिनात पंप याच बेल्टवर फिरतो, तो जाम झाला तर नवा बेल्टही गेला. हेडचे बोल्ट आणि गॅस्केट जुने वापरायचे नसतातच. इन्शुरन्समधून काही मिळालं नाही. साध्या मोटर पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरत नाहीत. तरी एकूण खर्च दुसऱ्या इंजिनाच्या निम्म्याच्या आत बसला.

सुरुवातीला कूलंट थोडं कमी व्हायचं, तेव्हा पोटात गोळाच आला. निघाली पाइपची सैल क्लिप. ती बदलल्यापासून लेव्हल हललेली नाही. ऑइल कमी होत नाही, पांढरा धूर नाही, अॅव्हरेज पूर्वीइतकंच, आणि पाचव्या गिअरमध्ये कात्रजचा चढ आधीसारखाच ओढते. थंडीत सकाळी स्टार्ट केल्यावर वरून थोडी टिकटिक यायची, इंजिन गरम झालं की जायची. पुढच्या सर्व्हिसला टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्वच्या वरची बारीक फट) बघून घेणार आहे, आणि त्याच वेळी बेल्टचं कव्हर उघडून सील कोरडं आहे का तेही.