ब्रेकच्या नावाखाली 20,560 रुपये गेले: जुनी डिझेल फोर बाय फोर असणाऱ्यांनी जरूर वाचा

रक्कम आधी सांगतो: 20,560 रुपये. त्यातले 8,000 रोख आणि 12,560 यूपीआयने, तेही गॅरेजच्या नावावर नाही, कुणा तिसऱ्याच माणसाच्या खात्यात. एवढं मोजून ब्रेक होता तिथेच राहिला, आणि इंदूरहून ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटाच्या उतारावर, मागे आई बसलेली असताना, पेडल पायाखाली हलेचना. पैशाचं दुःख एकवेळ गिळता येतं. आईच्या जिवाशी खेळ झाला, तो मी गिळणार नाही. म्हणून सगळं लिहितोय.

गाडी 2006ची बोलेरो, डीआय टर्बो, फोर व्हील ड्राइव्ह. ‘आता विकून टाका’ हा सल्ला कृपया कुणी देऊ नका. मानपूरकडे आमची थोडी शेती आहे आणि माळव्याच्या काळ्या मातीत आषाढात चाकं कशी रुततात ते ज्याचं त्याला माहीत. इंजिन उत्तम आहे, चेसिसला गंज नाही, 2021 मध्ये पंधरा वर्षं झाल्यावर फिटनेस करून नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरणही रीतसर करून घेतलं. तक्रार एकच होती, ब्रेक जड लागायला लागला. राजवाड्याकडच्या गर्दीत सारखं थांबावं लागतं, तिथे लागोपाठ ब्रेक मारले की पुढच्या वेळी पेडलवर अक्षरशः उभं राहावं लागे. मोकळ्या रस्त्यावर मात्र ठीक.

जाणकारांना एवढ्यावरूनच रोग कळला असेल. मला कळला नाही, आणि कळायला मी काही मेकॅनिक नाही. रोग कळत नाही म्हणूनच माणूस गॅरेजात जातो.

रिंग रोडवरचं हे गॅरेज ओळखीतल्या एकांनी सुचवलं. ‘आपल्यातलाच मुलगा आहे, मराठी आहे,’ म्हणाले. जन्मभर ‘भिया, हो जाएगा’ ऐकत आलेल्या इंदूरच्या माणसाला गॅरेजात कुणी ‘काका, बसा, आधी चहा घ्या, गाडी घरचीच समजा’ म्हटलं की काय होतं, हे इथल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. त्याने घरची चौकशी केली. गाडीत कोण कोण बसतं ते विचारलं. मग बॉनेट उघडून, पेडल दाबून पाहिलं आणि म्हणाला, ‘काका, बूस्टर फाटलाय, मास्टर सिलेंडर गेलाय, मागचे व्हील सिलेंडर गळतायत. आजींना बसवता ना यात? मग रिस्क घेऊ नका.’ बूस्टर म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, मास्टर सिलेंडर पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देतो आणि व्हील सिलेंडर तो चाकाशी पोचवतो, हे मला नंतर कळलं. त्या ‘आजींना बसवता ना’वर मी होकार दिला. माझ्या जागी कुणीही दिला असता.

नंतर जे शिकलो ते आत्ताच सांगतो, म्हणजे तुम्हाला तरी उपयोग होईल. पेडल स्पंजी लागत असेल, दोन-तीनदा पंप केल्यावर वर येत असेल, तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे किंवा मागचे ड्रम अ‍ॅडजस्ट करायला झालेत. सिग्नलला पाय दाबून ठेवला असताना पेडल हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलेंडरचे आतले रबर गेलेत. आणि पेडल कडक, घट्ट, दाबायलाच जोर लागतोय, तर आधी व्हॅक्यूम बघायचा, म्हणजे हवा ओढून केलेली पोकळी, तिच्यावरच बूस्टर चालतो. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डमधून (हवा आत घेणाऱ्या नळ्यांतून) व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून वेगळा पंप लागतो. आमच्या बोलेरोत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. तिथून एक रबरी होज बूस्टरकडे जातो, मध्ये एक वन-वे व्हॉल्व. माझी तक्रार कडक पेडलची होती आणि बिल लागलं मास्टर सिलेंडरचं.

बिल म्हणजे वहीच्या पानावरची कच्ची चिठ्ठी. बूस्टर 6,850, मास्टर सिलेंडर 3,400, पुढचे पॅड 1,950, मागचे लायनर 1,600, दोन व्हील सिलेंडर 1,240, ड्रम खरादाचे 900, ब्रेक ऑइल 520, ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं) 600, मजुरी 3,500. पक्कं बिल मागितलं तर ‘काका, मग जीएसटी वरून लागेल, उगाच कशाला?’ जुने पार्ट मागितले तर ‘ते भंगारवाला सकाळीच घेऊन गेला.’ तुमच्या गाडीतून निघालेला पार्ट तुमचा असतो. तो समोर काढायला लावा आणि पोत्यात घालून घरी आणा, मग भले स्वतः भंगारात द्या.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते. गाडी घेऊन निघालो तर केबिनमध्ये स्प्रे पेंटचा वास. घरी येऊन बॉनेट उघडलं. इंजिन तापलेलं, त्यामुळे वास आणखी उग्र. बूस्टर काळाभोर, चकचकीत. पण काळा रंग नुसता बूस्टरवर नव्हता. शेजारच्या होजवर होता, होजच्या क्लिपवर होता, क्लिपच्या स्क्रूच्या खाचेत भरलेला होता, बूस्टर जिथे बॉडीला बसतो त्या पत्र्यावरही त्याचे बारीक तुषार होते. नवा पार्ट दुकानातून रंगवून येतो, गाडीत बसवल्यावर त्याला कुणी रंग मारत नाही. मी तिथे उभा होतो, हे सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि मी बॉनेट बंद केलं. कारण गेटपर्यंत चालवून पाहिल्यावर ब्रेक खरंच हलका लागत होता. ब्रेक लागतोय म्हटल्यावर कोण रंगाची चौकशी करत बसतं? पण त्या क्षणी नखाने तो रंग खरवडला असता तर खाली गंज दिसला असता, आणि 12,560 वाचले असते, कारण ते मी त्या संध्याकाळी पाठवले.

सिमरोल सोडून भेरूघाट उतरायला लागलो. वळणं, पुढे भरलेला ट्रक, सारखा ब्रेक. मग पेडल कडक झालं आणि जागचं हलेना. मी दुसऱ्या गिअरला आणली, इंजिनाने वेग रोखून धरला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत आतल्या बाजूला दगडांना लागून थांबवली. आई ‘नर्मदे हर’ म्हणत होती. तिला काही कळू दिलं नाही.

असं झालं तर इंजिन चुकूनही बंद करू नका, उरलासुरला व्हॅक्यूमही जातो. आणि कडक पेडल पंप करत बसू नका. पंप करणं लाइनमध्ये हवा शिरलेल्या ब्रेकला ठीक. इथे प्रत्येक दाबण्यात बूस्टरमधला साठा संपतो. एकदाच, दोन्ही पायांनी, पूर्ण जोराने दाबून धरायचं.

परत आल्यावर गाडी नेली ती देवास नाक्याकडच्या एका बुजुर्ग मिस्त्रींकडे, जे जुन्या डिझेल जीपाच करतात. त्यांनी आधी इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबायला लावलं, मग पाय तसाच ठेवून स्टार्ट करायला सांगितलं. बूस्टरला व्हॅक्यूम मिळत असेल तर स्टार्ट होताच पेडल थोडं खाली जातं. माझं गेलं नाही. हे घरी, गेटच्या आत, फुकट करता येतं. आजच करा.

मग त्यांनी होज काढला आणि चालू इंजिनावर पंपाच्या तोंडाशी माझा अंगठा ठेवला. ओढ नावालाच होती. आणि होज उलटा करून दाखवला: क्लिपच्या लगेच मागे आडवी भेग, तेलाने फुगलेलं रबर, त्या भेगेवर काळ्या इन्सुलेशन टेपचे वेढे, आणि टेपवरून तोच काळा स्प्रे. म्हणजे त्या माणसाला दोष नेमका कुठे आहे ते माहीत होतं! त्याने भेग शोधली, टेप गुंडाळली, रंगाखाली लपवली आणि मला बूस्टर फाटल्याचं सांगितलं. टेप होती तोवर ब्रेक हलका लागला. उष्णता आणि तेलाने ती सुटली आणि आम्ही घाटात होतो.

मागची चाकं काढली. ब्लीडिंगचे निपल पावसाळ्यातल्या वाळलेल्या चिखलाने भरलेले, षटकोनावर पान्याचा एक ओरखडा नाही. ब्लीडिंगचे 600 घेतलेत ना? मग निपल न उघडता हवा कुठून काढली? व्हील सिलेंडर जुनेच, आणि कोरडे, गळतीचा मागमूस नाही. मास्टर सिलेंडर जुनाच, वर रंग. नवीन होते ते फक्त पुढचे पॅड, तेही बिननावाचे. खरी दुरुस्ती: होज 260, वन-वे व्हॉल्व 220, पंपाची किट आणि मजुरी 1,450. एकूण 1,930 रुपये. ब्रेक आता पहिल्यासारखा आहे.

पहिल्या गॅरेजात गेलो तर ‘काका’ संपलं होतं. ‘आप बाहर से खुलवा के लाए, अब गारंटी नहीं,’ असं हिंदीत उत्तर. मराठी एकदम विसरला.

मग पोलीस ठाणं. तिथल्या हवालदाराने फोटो बघायच्या आधीच सांगितलं, ‘ये तो लेन-देन का मामला है, आवेदन दे दो.’ आवेदन दिलं. पावती मागितली तर टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे मुख्य अधिकारी, आल्यावर. साहेब आले, त्यांनी विचारलं, ‘एक्सीडेंट हुआ क्या? नहीं हुआ ना?’ म्हणजे माणूस दरीत जायला हवा होता का? फसवणुकीचं कलम जुनं 420, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 318. मी ते कागदावर लिहून नेलं होतं, त्यांनी कागद टेबलावर पालथा ठेवला. वाहनांच्या एका सरकारी कार्यालयात गेलो, तर गॅरेज त्यांच्या अखत्यारीत येत नाही. माझ्या गाडीच्या ब्रेकची फिटनेस तपासणी अखत्यारीत येते, तो ब्रेक बिघडवणारा येत नाही! एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ‘आपकी शिकायत का निराकरण कर दिया गया है’ असा मेसेज आला. कुणी फोन केला नाही, कुणी गाडी पाहिली नाही, कुणी गॅरेजची पायरी चढलं नाही, आणि निराकरण झालं. पुन्हा उघडायला सांगितलं तर पुन्हा नव्याने नोंदवा म्हणे. हा माणूस उद्या कुणाच्या शाळेच्या व्हॅनच्या होजवर टेप गुंडाळेल, तेव्हा हे सगळे पंचनामा करायला धावत येतील.

यूपीआयने देताना समोर कुणाचं नाव येतंय ते वाचा, गॅरेजचं नसेल तर पैसे रोखून धरा. पार्टचं खोकं बघितल्याशिवाय आगाऊ एक रुपया देऊ नका. छोट्या ग्वालटोलीत, इंदूरच्या गाड्यांच्या पार्टच्या बाजारात, स्वतः जाऊन पार्ट आणलेला केव्हाही बरा, बिलही तुमच्या नावाचं मिळतं. आणि ‘आपला माणूस’ हे कारण ब्रेकच्या बाबतीत विसरा.

आता ग्राहक आयोगात जातोय. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. आधी माहिती हवी तर राष्ट्रीय क्रमांक 1915 आहे. माझ्याकडे कच्ची चिठ्ठी, यूपीआयची नोंद, होज, टेप आणि दुसऱ्या मिस्त्रींचं लेखी निवेदन आहे. रिंग रोडवर एका गोड बोलणाऱ्या मराठी मुलाने तुमचाही बूस्टर ‘बदलला’ असेल, तर बॉनेट उघडा, होजवर रंग आहे का बघा, टेप काढून फेकू नका, तारखेसकट फोटो काढून मला कळवा. एकाच माणसाविरुद्ध अनेक अर्ज गेले तर कागद पालथा ठेवणं सोपं जाणार नाही.