आयफोन घ्यायचाय, पण कुठून? मोठं दुकान, ॲपल स्टोअर, ऑनलाइन आणि नाक्यावरचा मोबाइलवाला

कोणता आयफोन घ्यायचा हे एकदा ठरलं की प्रश्न उरतो दुकानाचा. तिथे बहुतेक जण जाहिरातीतला मोठा आकडा बघून ठरवतात, आणि मला ते पटत नाही. फोन सगळीकडे तोच, पेटीवरची एमआरपी तीच. सप्टेंबर 2025 मध्ये आयफोन 17 भारतात 82,900 रुपयांना आला, आणि ती किंमत क्रोमासाठी वेगळी आणि ॲपलच्या स्वतःच्या दुकानासाठी वेगळी अशी नव्हती. फरक पडतो तो तुम्ही पैसे कसे देणार, जुना फोन देणार का, बिल कोणाच्या नावावर हवं आणि काही बिघडलं तर कोणाच्या दारात उभं राहणार, या गोष्टींमुळे. त्यातही पैसे कसे देणार हा मुद्दा सगळ्यांत जड. आधी तो ठरवा, दुकान आपोआप ठरतं.

आयफोन विकण्याचा भार आपल्याकडे मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांवर का आला, हे समजलं की त्यांच्या ऑफर्सही समजतात. अमेरिकेत 2008 साली आयफोन 3जी दोन वर्षांच्या करारावर 199 डॉलरला मिळायचा. उरलेली किंमत मोबाइल कंपनी सोसायची आणि महिन्याच्या बिलातून वसूल करायची. त्याच वर्षी सप्टेंबरात तो बेस्ट बाय या साखळीत आला आणि डिसेंबरअखेर वॉलमार्टमध्ये. वॉलमार्टसारख्या स्वस्ताईसाठी ओळखल्या जाणाऱ्या दुकानातही किंमत होती 197 डॉलर, म्हणजे अवघे दोन डॉलर कमी. भारतात 22 ऑगस्ट 2008 ला एअरटेल आणि व्होडाफोन यांनी तोच फोन 31,000 रुपयांना आणला. आपल्याकडे बहुतेक ग्राहक प्रीपेडवाले, दोन वर्षांचा करार करणार कोण? त्यामुळे फोनच्या किमतीचा भार मोबाइल कंपनीने उचलायची पद्धत इथे रुजलीच नाही. ती जागा पुढे बँकांनी आणि फायनान्स कंपन्यांनी घेतली, आणि त्यांची टेबलं लागली मोठ्या दुकानांत.

ॲपलला स्वतःचं दुकान काढायला 30 टक्के माल भारतातून घेण्याची अट आडवी येत होती. ती 2019 मध्ये सैल झाली. 2020 मध्ये त्यांचं ऑनलाइन स्टोअर सुरू झालं, एप्रिल 2023 मध्ये मुंबईत बीकेसीला जिओ वर्ल्ड ड्राइव्हमधलं दुकान उघडलं आणि सप्टेंबर 2025 मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला. मुंबईचं दुकान उघडेपर्यंत आयफोन हातात घेऊन बघायचा तर दुसऱ्या कोणाच्या तरी दुकानातच जावं लागायचं.

मोठं दुकान: तीन माणसं, तीन हितं

क्रोमा टाटांचं, 2006 पासूनचं. रिलायन्स डिजिटल त्याच्या पुढच्या वर्षीचं. विजय सेल्सची सुरुवात मात्र 1967 ची, माहीमची. तिन्हीकडे मांडणी साधारण सारखीच, पण वागण्यात फरक आहे. विजय सेल्समध्ये काउंटरवर बोलायला अजून थोडी जागा असते, असा माझा अनुभव. मॅनेजरला थेट विचारलं तर चार्जर किंवा कव्हर तरी पदरात पडतं. क्रोमात भाव फारसा हलत नाही, पण ज्यांच्याकडे टाटा न्यूचं क्रेडिट कार्ड आहे त्यांना न्यूकॉइन्स, म्हणजे पुढच्या खरेदीत वापरता येणारे पॉइंट्स, मिळतात. मात्र पूर्ण पैसे एकदम भरल्यावर या पॉइंट्सचा जो दर मिळतो तो हप्त्यांवर मिळत नाही, हे आधी तपासा. रिलायन्स डिजिटलचा फायदा पसाऱ्यात आहे. जिथे बाकी दोघं पोचलेली नाहीत अशा बऱ्याच गावांत ते असतं.

दुकानात शिरलात की जो तरुण हसून पुढे येतो तो बऱ्याचदा दुकानाचा नसतो. तो एखाद्या ब्रँडचा प्रमोटर असतो, आणि त्याचं टार्गेट त्याच ब्रँडवर असतं. आयफोन बघायला आलेल्या माणसाला दहा मिनिटांत दुसऱ्याच टेबलाकडे वळवलं जातं ते यामुळे. त्याचा राग धरायचं कारण नाही, पण तो कोणाचा पगार घेतो हे माहीत असावं. दुसरा माणूस दुकानाचा. आयफोनवर दुकानाला सुटणारा नफा फार थोडा असतो, म्हणून त्याचं लक्ष असतं कव्हर, काच आणि सगळ्यांत जास्त ज्यादा वॉरंटीवर. क्रोमाची झिपकेअर, रिलायन्सची रेस्क्यू, अशी नावं इथेच कानावर पडतात. तिसरा बसलेला असतो फायनान्सच्या टेबलावर, बजाजचा, एचडीबीचा किंवा एखाद्या बँकेचा. त्याला हवं असतं तुमचं कर्ज.

तरीही मी म्हणेन की हप्त्यांवर फोन घेणाऱ्या आणि जुना फोन देणाऱ्या माणसासाठी मोठं दुकान हीच चांगली जागा आहे. कारण बँकेची सूट, एक्स्चेंज, एक्स्चेंजचा बोनस आणि हप्ते या चारही गोष्टी एकाच बिलावर, तुमच्या डोळ्यांसमोर बसवल्या जातात. ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड नाही त्याला तर फायनान्स कंपनीचं कार्ड हा मोठा आधार. पगारपत्रक नसलेल्या पण धंदा चालू असलेल्या किती जणांनी आपला पहिला चांगला फोन असाच घेतलाय!

फक्त अट एक. कार्ड स्वाइप करण्याआधी बिलाचा कच्चा मसुदा मागा आणि प्रत्येक ओळ वाचा. ज्यादा वॉरंटी किंवा विमा कर्जाच्या रकमेत मिसळून टाकला की महिन्याचा हप्ता थोडासाच वाढतो, आणि ते लक्षात येत नाही. 'हे घेतल्याशिवाय फायनान्स पास होत नाही' असं कोणी म्हणालं तर ते लिहून मागा. कोणी लिहून देत नाही. ॲपलचं स्वतःचं संरक्षण, ॲपलकेअर प्लस, त्याच क्षणी घ्यायची सक्ती नसते. फोन घेतल्यावर काही आठवड्यांच्या आतही ते घेता येतं. दुकानाच्या योजनेपेक्षा मला ते जास्त भरवशाचं वाटतं, कारण दुरुस्ती थेट ॲपलच्या केंद्रात होते, मधला माणूस नसतो.

'नो कॉस्ट' हप्त्याची खरी किंमत

रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं. आज जे चालतं ते असं: व्याजाइतकी रक्कम आधी किमतीतून कमी करतात आणि मग बँक तुमच्याकडून ती व्याज म्हणून घेते. बेरीज मूळ किमतीइतकी होते. पण व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, आणि तो कोणी माफ करत नाही.

उदाहरण घ्या. 60,000 रुपयांचा फोन, दहा-दहा हजारांचे सहा हप्ते, बँकेचा दर वर्षाला 15 टक्के. यात व्याजाचा भाग साधारण 2,540 रुपये. त्यावरचा जीएसटी सुमारे 457. प्रोसेसिंग फी 199 धरली तर करासह 235. म्हणजे 'नो कॉस्ट' फोनवर जवळपास 690 रुपये जास्त गेले. सहा महिन्यांची सोय म्हणून ही रक्कम मला जड वाटत नाही. मात्र क्रेडिट कार्डांचा नेहमीचा कॅशबॅक हप्त्यांवर बहुधा मिळत नाही, आणि तो तीन हजारांचा असू शकतो. ज्याच्या खात्यात पूर्ण पैसे पडून आहेत त्याने केवळ 'फुकट आहे' म्हणून हप्ते घेऊ नयेत.

आणखी एक फरक ओळखा. तात्काळ सूट बिलावर दिसते. कॅशबॅक मात्र नंतर येतो, कधी कधी काही महिन्यांनी, आणि तोपर्यंत त्याचा पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो. दोन ऑफर जवळपास सारख्या असतील तर बिलावर दिसणारी निवडा.

ॲपलचं दुकान

इथे फोन विकताना कोणी घाई करत नाही, दुसऱ्या ब्रँडकडे वळवणारं कोणी नसतं. जुन्या अँड्रॉइडमधून फोटो, नंबर, व्हॉट्सॲप कसं आणायचं हे शांतपणे समजावून देतात. पहिल्यांदाच आयफोन घेणाऱ्या आई-वडिलांना घेऊन जायचं असेल तर मुंबई-पुण्याच्या माणसाने बीकेसी किंवा कोरेगाव पार्क गाठावं. पैशांच्या बाबतीत मात्र फार अपेक्षा नको. बँक ऑफर असते, जुना फोनही घेतात, पण पूर्ण एमआरपीवर घासाघीस होत नाही. जुन्या मॉडेलवर मोठी सूटही इथे सहसा दिसत नाही. नवं मॉडेल आलं की ॲपल मागच्या वर्षीच्या काही मॉडेलची किंमत स्वतःच उतरवतं. आयफोन 16 असाच 79,900 वरून 69,900 वर आला. त्याखाली जायचं असेल तर दुसरीकडे बघावं लागतं.

ऑनलाइन

नुसता भाव बघायचा झाला तर सणासुदीच्या सेलमध्ये मागच्या वर्षीचं मॉडेल ऑनलाइनच स्वस्त पडतं, हे मान्य करायला हवं. ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्टवर पूर्ण पैसे भरणारा, जुना फोन न देणारा, कोणता रंग आणि किती जीबी हे पक्कं ठरवलेला माणूस असेल तर त्याने मॉलमध्ये जाऊन वेळ घालवू नये.

अडचण सुरू होते जुना फोन देताना. ॲपवर दिसलेला भाव दारात आलेल्या माणसाच्या तपासणीवर टिकेलच असं नाही. स्क्रीनच्या कडेला बारीक ओरखडा दिसला तरी भाव उतरतो, आणि तुम्ही नाही म्हणालात तर नव्या फोनची ऑर्डरही अडकते. मोठ्या दुकानात हीच तपासणी आधी होते. पटलं नाही तर जुना फोन खिशात घालून तुम्ही शेजारच्या दुकानात जाऊ शकता. माझ्या लेखी मोठ्या दुकानाचा सगळ्यांत मोठा फायदा हाच.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याचं नाव वाचा, परतीचे नियम त्या वस्तूच्या पानावर वाचा, आणि पेटी दारातच उघडून दाखवणारी डिलिव्हरी मिळत असेल तर तीच घ्या. पेटी उघडताना व्हिडिओ काढा.

नाक्यावरचा मोबाइलवाला

संगमनेर, बार्शी, सावंतवाडी अशा ठिकाणी हा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो ओळखीचा असतो, रात्री नऊला फोन केला तरी उचलतो, थोडे पैसे दिवाळीनंतर द्या म्हणतो. पण पक्कं जीएसटी बिल देणार नसेल तर तिथून आयफोन घेऊ नका, मग भाव कितीही चांगला असो. परदेशातून आलेला फोनही नको. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन 14 पासूनच्या फोनमध्ये सिमकार्ड घालायची खाचच नसते, सगळं ई-सिमवर. न्यू जर्सीचा भाऊ स्वस्तात आणून देतोय म्हणून खूश होण्याआधी हे त्यालाही सांगा.

कोणी कुठे जावं

धंदा करणाऱ्याने, जीएसटी नंबर असलेल्याने आधी तो नंबर बिलावर टाकून घ्यावा. 82,900 च्या फोनमध्ये सुमारे 12,646 रुपये जीएसटीचे असतात. फोन धंद्यासाठी असेल तर ते परत वळते करून घेता येतात, आणि त्यापुढे बँकेची चार-पाच हजारांची सूट लहान वाटते. मोठ्या दुकानात हे बिल होण्याआधी सांगावं लागतं. बिल निघाल्यावर दुरुस्ती करून घेणं म्हणजे खेटे. नोकरदार, कार्डवाला, जुना आयफोन देणारा: मोठं दुकान, आणि शक्य झालं तर सोमवार ते गुरुवार दुपारी, जेव्हा माणसांना तुमच्याशी बोलायला वेळ असतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलीसाठी मागच्या वर्षीचं मॉडेल, पैसे तयार: ऑनलाइन सेल. ज्याला फोन वापरायलाच शिकायचंय: ॲपलचं दुकान.

भेट म्हणून बंद पेटी हवी असेल तर मोठ्या दुकानात आधी विचारा. काही ठिकाणी सवलतीचा फोन दुकानातच उघडून चालू करून देतात.

फोन हातात आल्यावर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा. जो आयएमईआय क्रमांक दिसेल तो पेटीवर आणि बिलावर तोच आहे का बघा. 14422 वर केवायएम लिहून, एक जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक एसएमएस केला की तो नोंदणीकृत आहे का तेही कळतं. सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाऊट उघडा. मॉडेल क्रमांकाचं पहिलं अक्षर एम असेल तर फोन नवा. एफ म्हणजे दुरुस्त करून विकलेला, एन म्हणजे बदली म्हणून दिलेला. तिथेच वॉरंटी कधी संपते ती तारीख दिसते. बिलाच्या तारखेपासून तिथपर्यंत एक वर्षापेक्षा बराच कमी काळ उरत असेल तर काउंटर सोडू नका.

जुना फोन देण्याआधी आयक्लाउडमधून बाहेर पडा, 'फाइंड माय' बंद करा, मग सगळं पुसून टाका. हे दुकानातल्या माणसावर सोपवू नका.

बिघाड निघाला आणि दुकान हात वर करू लागलं तर कायदा तुमच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार, बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष वस्तू 30 दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा तशीच प्रथा. तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मग फोन मुंबईच्या दुकानातून घेतलेला असो वा ऑनलाइन, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क लागत नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. बिल, पेटी आणि ऑफरचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवूनच तो फोन लावा, कारण पहिल्यांदा तेच विचारलं जातं.