स्वबळ की आघाडी? सत्ता गेलेल्या पक्षापुढचा प्रश्न

काँग्रेसने 1998 मध्ये पचमढीत स्वबळाचा सूर लावला आणि 2003 मध्ये शिमल्यात आघाडीला होकार दिला. 1999 च्या लोकसभेला पक्षाला 28.3 टक्के मतं आणि 114 जागा होत्या. 2004 ला मतं 26.5 टक्क्यांवर उतरली, जागा मात्र 145 झाल्या. तामिळनाडूत आघाडीच्या वाटपात 39 पैकी फक्त 10 जागा घेतल्या आणि दहाही काढल्या.

स्वबळवाले यावर 2014 ची महाराष्ट्र विधानसभा पुढे करतात, आणि त्यात तथ्य आहे. शिवसेना-भाजप युती तुटली आणि भाजप 46 वरून 122 वर गेला. पण त्याच दिवशी समोरची काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीही फुटली होती. चौरंगी लढतीत 28 टक्क्यांच्या आसपास मतांवर हे जमून गेलं. समोरचे एकत्र असतील तर अवघड.

स्वबळाने संघटना वाढते, चिन्ह गावोगाव पोचतं, हे मान्य. माझं मन उडतं ते पक्ष तिसऱ्या क्रमांकावर राहतो अशा जागांवरून. तिथे उमेदवार बहुतेक आयात केलेला. आपण उभं राहून नेमकं कुणाला निवडून आणतोय, हे कार्यकर्त्याला नेत्याआधी कळतं. तो प्रचारपत्रकांचे गठ्ठे घेतो, पण ते घरातच पडून राहतात. मतदानाच्या दिवशी दुपारनंतर बूथवरचं टेबल रिकामं. वैध मतांचा सहावा हिस्सा न मिळाल्याने अनामत जाते ती वेगळीच.

आघाडीतही बेरीज फसते. उत्तर प्रदेशात 2019 ला सपा-बसपा एकत्र लढले. बसपा शून्यावरून 10 वर गेली, सपा पाचावरच राहिली. म्हणून मित्रपक्षाची मतं आपल्या मतांत सरळ मिळवू नयेत. फॉर्म 20, म्हणजे निकालाच्या अंतिम तक्त्यातले बूथनिहाय आकडे काढावेत आणि मित्रपक्षाच्या बालेकिल्ल्यातल्या बूथवर आपल्या उमेदवाराला आधी किती मतं पडली होती ते पाहावं. जिथे पराभवाचं अंतर मित्राच्या मतांपेक्षा कमी, त्या जागांचं वाटप सगळ्यात आधी उरकावं.

हे वाटप शेवटच्या रात्रीवर गेलं की एबी फॉर्मची, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदांची पळापळ होते, कारण अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीननंतर ते चालत नाहीत. बंडखोराचं तर त्याहून कठीण. माघारीच्या दिवशी तीनपर्यंत अर्ज मागे घेतला नाही, तर पुढे त्याने कितीही जाहीर पाठिंबा दिला तरी यंत्रावर त्याचं नाव राहतंच, आणि त्या नावापुढे मतंही पडतात.