काळ्या गाडीसाठी टच-अप पेन, सात महिन्यांनंतर (ब्रशबद्दल नीट वाचा)

परवा पाऊस उघडल्यावर गाडी धुतली आणि मागच्या दारावरची ती जागा बोटाने चाचपून बघितली, गंजाचा एक टिपका नाही. म्हणून लिहितोय, कारण मार्चमध्ये मी हा पेन (ओरखड्यावर लावायची, गाडीच्या रंगाची ब्रशवाली छोटी बाटली) कचऱ्यात टाकायला निघालो होतो.

गाडी काळी, त्यातही उन्हात आत चमक दिसते ती मेटॅलिक. घोडबंदर रोडला राहतो, डंपरच्या मागे गाडी सापडली की बोनेटवर खडे बसणार हे ठरलेलं. शिवाय पार्किंगमध्ये कुणाच्या तरी बाईकचं हँडल दाराला घासलं, वीतभर रेघ, दोन ठिकाणी चक्क पत्रा दिसायला लागला. गॅरेजवाला म्हणाला आख्खं दार रंगवावं लागेल, साडेतीन हजार. विम्याचा क्लेम टाकावा तर पाच वर्षं सांभाळलेला ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, एवढ्या रेघेसाठी तो कोण घालवणार!

आधी रेघेवर आडवं नख फिरवा. अडकलं नाही तर ओरखडा वरच्या क्लिअर कोटमध्येच (रंगावरच्या पारदर्शक थरातच) आहे, मायक्रोफायबरच्या फडक्यावर वाटाण्याएवढं रबिंग कंपाउंड (घासून चकाकी आणणारी पेस्ट) घेऊन हाताने जातो. माझी अर्धी रेघ अशीच गेली. पण सारखं घासू नका, तो थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, केसापेक्षाही पातळ, एकदा गेला की गेला.

नख अडकलं तिथे पेन, आणि माझा सगळा राग इथे आहे. ब्रश! रेघ अर्ध्या मिलिमीटरची आणि ब्रश नेलपॉलिशचा असतो त्याहून जाड, पहिल्याच फटक्यात रंग आजूबाजूच्या चांगल्या रंगावर पसरला. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे ब्रश असाच येतो. अहो चारशे रुपये घेता, एक बारीक ब्रश देता येत नाही? शेवटी टूथपिक घेतली. पत्र्यावर आधी प्रायमरचा ठिपका, मग पेन दोन मिनिटं जोरात हलवायचा कारण चमक तळाला बसते, आणि टूथपिकच्या टोकाने रंग फक्त खाचेत सोडायचा. वाळला की आक्रसतो, म्हणून एकदम भरू नका, पातळ तीन-चार वेळा.

रंगाबद्दल मात्र माझं मत बदललं. दुसऱ्या दिवशी तो राखाडी, मेलेला दिसत होता, मी रंगाचा चुकीचा कोड आला म्हणून दुकानदाराशी भांडलोसुद्धा. कोड बरोबर होता. मेटॅलिकचा बेस, म्हणजे खालचा रंगाचा थर, क्लिअर कोट चढेपर्यंत निस्तेजच दिसतो, हे बाटलीवर कुठेही लिहिलेलं नाही, लिहायला हवं होतं. क्लिअर लावला, आठवडाभर हात लावला नाही, मग २००० नंबरचा पाणी पेपर (ओला करून वापरायचा अगदी बारीक पॉलिश पेपर) खोडरबरला गुंडाळून साबणाच्या पाण्यात फक्त वर आलेला फुगवटा घासला आणि कंपाउंड मारलं. आता तिरप्या उन्हात वाकून बघितलं तरच कळतं.

हे सगळं मे संपायच्या आत उरका, पावसाळी दमट हवेत थर वाळत नाहीत. आणि सकाळी गाडी पुसणाऱ्याला कोरडं फडकं मारू देऊ नका, काळ्या रंगावर धुळीच्या गोल रेघा त्यानेच पडतात. आमच्याकडच्या मुलाला मी दोन स्वच्छ मायक्रोफायबर आणून दिलेत, आधी पाणी मग कापड असं सांगितलंय, तो पाळतोय.

बंपरच्या ओरखड्यांना मी पेन लावलाच नाही, प्लास्टिक आहे, गंजत नाही. बोनेटवरचे तीन टिपके बाकी आहेत, ते या रविवारी, टूथपिकनेच.