तार्नच्या दरीतल्या घरापायी 1,680 युरो गेले

लिहायची लाज वाटतेय, पण सुट्टीच्या मोसमात आणखी कुणी भाड्याच्या घराच्या अशा फसवणुकीत अडकू नये म्हणून लिहितेय.

आम्ही जर्मनीत स्टुटगार्टला राहतो. 14 मेच्या जोडसुट्टीला मैत्रिणीचं कुटुंब, पुण्याहून आलेले माझे सासू-सासरे आणि आम्ही फ्रान्समध्ये तार्न नदीच्या दरीत जाणार होतो. सेंत-एनिमी गावाजवळ, नदीपल्याडचं दगडी घर. 4 रात्रींचे 1,180 आणि अनामत 500. भाव स्वस्त नव्हता, म्हणून तर संशय आला नाही. घरमालक म्हणवणाऱ्याशी बोलणं भाड्याच्या घरांच्या साइटवरून व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं, पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. त्या दरीतल्या एखाद्या वस्तीला खरंच रस्ता नाही, सामान तारेवरून जातं. त्यामुळे 'किल्ली घेऊन माणूस काठावर येईल' हेही पटलं.

28 एप्रिलची रात्र, पावणेअकरा. मुलाचा डबा भरता भरता पैसे पाठवायला बँकेचं अ‍ॅप उघडलं. लाल अक्षरांत आलं, नाव आणि खातं जुळत नाही. ऑक्टोबर 2025 पासून युरोवाल्या देशांत बँकांना ही तपासणी करावीच लागते. पण त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, 'खातं हिशेबनिसाच्या नावावर आहे, बँक इशारा देईल, घाबरू नका.' इशारा आला आणि मला उलट त्याचाच भरवसा वाटला! खातेक्रमांक एलटीने, म्हणजे लिथुआनियाने सुरू होणारा. घर फ्रान्समधलं. हे सगळं वाचून मी 'तरीही पाठवा' दाबलं. दिवसभर नोकरी, घरात पाहुणे. त्या वेळी कुणाचं डोकं चालतं?

काठावर सासूबाई बॅगेवर बसून होत्या आणि त्याचा फोन बंद. तिथल्या एका आजींनी चष्मा लावून फोटो पाहिला. घर खरं होतं, पण कधीच भाड्याने दिलेलं नाही. गावच्या पर्यटन कार्यालयाला एक फोन केला असता तर हेच कळलं असतं. तो फोन तुम्ही करा. रात्री मियो शहरात दोन खोल्यांचे 236 युरो वेगळे.

पोलिसांचं तर काय सांगावं! चौकीचं दार बंद. सकाळी दीड तास बसवून म्हणाले, पैसे जर्मनीतून गेले, तक्रार तिकडे करा. इकडचे म्हणतात, घर फ्रान्समधलं. शेवटी नोंद झाली आणि तीन आठवड्यांनी पत्र आलं, आरोपी सापडत नाही, तपास थांबवला. बँक म्हणते, इशारा दिला होता, जबाबदारी तुमची. अहो, ओळखपत्राशिवाय खातं उघडतं का? मग ते कुणाचं, हे एकालाही विचारता येत नाही?

साइटबाहेर एक युरोही देऊ नका. घराचा फोटो इंटरनेटवर टाकून तो आणखी कुठे दिसतो ते शोधून बघा. मैत्रिणीचे 840 मी परत केले, कारण बटण मी दाबलं होतं. आणि पैसे आत्ताच पाठवले असतील तर सकाळची वाट बघू नका, बँकेला याच क्षणी फोन लावा. मला कळेपर्यंत 16 दिवस उलटून गेले होते.