बोटांवर तोललेले विमान

गेल्या आठवड्यात इचलकरंजीच्या एका परिचितांनी मला एक छायाचित्र दाखवले. त्यात दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या लढाऊ विमानाची, रेडिओवर चालणारी एक देखणी प्रतिकृती कोणीतरी उलटी करून दोन तर्जन्यांवर तोलून धरली होती आणि पंखाच्या खालच्या अंगाला लाल शाईची खूण स्पष्ट दिसत होती. हे विमान घ्यावे का, असे ते मला विचारत होते. अशाच छायाचित्रावर विश्वास ठेवून मी एका वर्षापूर्वी 42,000 रुपये घालवले आहेत. त्यांना तोंडी जे सांगितले, तेच या छंदातल्या इतरांनाही कळावे म्हणून हे लिहीत आहे.

मी घेतलेले विमान हॉकर हरिकेन या त्याच काळातल्या लढाऊ विमानाची प्रतिकृती होती. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार 12.19 मीटर होता. माझी प्रतिकृती त्याच्या एक-अष्टमांश, म्हणजे सुमारे 152 सेंटिमीटरची होती. हरिकेनबद्दल मला लहानपणापासून ओढ आहे. 1944 साली इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी हीच विमाने घेऊन लढली होती. शिवाय स्पिटफायरपेक्षा हरिकेनची चाके एकमेकांपासून लांब असल्यामुळे आमच्याकडच्या खडबडीत रानात ते उतरवणे सोपे जाते. नोकरीमुळे बाल्साचे हलके लाकूड कापत बसायला सवड मिळत नव्हती, त्यामुळे तयार आणि "पंधरा-वीस वेळा उडालेले" विमान मिळते आहे म्हटल्यावर मला आनंदच झाला. विक्रेता दुसऱ्या शहरातला होता आणि ओळखीच्या ओळखीतून त्याचा फोन नंबर मिळाला होता. मोटर, सहा सर्व्हो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि चार सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी धरून वजन 2640 ग्रॅम असल्याचे त्याने सांगितले. बांधणीचा मूळ नकाशा मागितला तेव्हा तो हरवला असल्याचे कळवले आणि "सर, नकाशाची गरजच नाही, सीजीची खूण मी पंखावर करून दिली आहे," असे म्हणून ते छायाचित्र पाठवले. सीजी म्हणजे गुरुत्वमध्य, ज्या जागी विमान तोलले जायला हवे ती जागा. मी निम्मी रक्कम आधी भरली आणि खोके ट्रॅव्हल्सच्या गाडीने कोल्हापुरात पोहोचल्यावर उरलेली भरली.

विमान दिसायला निर्दोष होते. जोडणी करून, बॅटरी तिच्या जागी बसवून मी ते उलटे केले आणि बोटांवर धरले, तर ते बरोबर लाल खुणेवर तोलले गेले. माझी चूक झाली ती इथेच. विमान खुणेवर तोलले जाते आहे एवढे मी पाहिले, पण ती खूण योग्य जागी आहे का हे तपासलेच नाही. वजनही केले नाही.

उजळाईवाडीच्या विमानतळापासून लांब राहायचे म्हणून आम्ही पन्हाळ्याच्या बाजूला, नियमांचा नकाशा पाहून निवडलेल्या एका रानात विमाने उडवतो. जानेवारीत तिथला ऊस तुटला होता, शेजारच्या वावरात मात्र उभा होता. हरिकेनने जमीन सोडली आणि मी रिमोटची स्टिक मागे ओढलेली नसतानाही त्याचे नाक वर उठू लागले. मी एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) खाली दिला तर ते एकदम खाली झेपावले, सावरायला गेलो तर पहिल्याहून जास्त उभे राहिले. तिसऱ्या हिसक्याला वेग संपला, डावा पंख खाली झुकला आणि विमान फिरत उभ्या उसात गेले. हे सारे दहा-बारा सेकंदांत घडले. पाचटातून तुकडे शोधायला आम्हा तिघांना दुपार लागली.

त्याच संध्याकाळी मी विक्रेत्याला फोन केला. "सर, तुम्ही अप जास्त दिला असणार, आमच्याकडे तर सुतासारखे उडत होते," एवढे बोलून त्याने फोन ठेवला आणि नंतर माझा नंबर ब्लॉक केला. खरे सांगायचे तर दोन दिवस मला तेच खरे वाटत होते.

उद्यमनगरात ज्यांचे लेथचे वर्कशॉप आहे आणि ज्यांना आम्ही सारे काका म्हणतो, त्यांनी ते तुकडे पाहायला मागितले म्हणून पुढचे उघडकीस आले. शेपटीकडचा तुकडा हातात घेताच ते म्हणाले, "बाळा, हे बाल्साचे वजन नव्हे." वरची कव्हरिंग फिल्म सोलल्यावर खाली धड एकदा पूर्ण मोडून पुन्हा जोडलेले दिसले, आतून प्लायवूडच्या पट्ट्या, बाहेरून फायबरचे कापड आणि त्यावर इपॉक्सीचा जाड थर दिलेला होता. पुढे मोटरच्या काऊलमध्ये (नाकावरच्या आवरणात), फोमच्या तुकड्याआड, मोटारीच्या चाकांना लावतात तसली शिशाची वजने चिकटवलेली निघाली. काकांनी दुरुस्तीचा सगळा माल खरवडून वेगळा केला आणि आम्ही तो व शिसे गुजरीतल्या एका स्नेह्याच्या सराफी काट्यावर ठेवले. दुरुस्तीचा माल 120 ग्रॅम भरला आणि शिसे 80 ग्रॅम. घरी सगळे तुकडे एकत्र तोलले तेव्हा वजन 2840 ग्रॅमच्या आसपास आले. विक्रेत्याने सांगितलेले 2640 हे त्या पहिल्या मोडतोडीपूर्वीचे वजन होते.

यापुढचा हिशेब प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. मूळ हरिकेनच्या नाकात 600 किलोंहून जड मर्लिन इंजिन होते. आपल्या प्रतिकृतीच्या नाकात तेवढ्याच प्रमाणात जड असे काहीच नसते, आणि आखूड नाकाच्या लढाऊ विमानाची शेपटी मात्र लांब असते. त्यामुळे चांगला कारागीर शेपटीतला एकेक ग्रॅम वाचवतो. माझ्या विमानात दुरुस्ती गुरुत्वमध्याच्या सरासरी 68 सेंटिमीटर मागे होती आणि शिसे ठेवायची जागा 24 सेंटिमीटर पुढे. मागचे 120 ग्रॅम तोलायला पुढे 340 ग्रॅम लागतात (120 गुणिले 68, भागिले 24). तेवढे शिसे घातले असते तर विमान हातात घेताक्षणी जड लागले असते, शिवाय काऊलमध्ये ते मावलेही नसते. विक्रेत्याने 80 ग्रॅमवर काम भागवले, आणि उरलेला फरक शिशाने भरून काढण्याऐवजी लाल खूण मागे सरकवून झाकला. काकांनी कागदावर पंख आखून त्याची सरासरी रुंदी काढली; ती सुमारे 25 सेंटिमीटर आली. अशा विमानाचा गुरुत्वमध्य त्या रुंदीच्या साधारण 25 ते 30 टक्क्यांवर हवा, म्हणजे, पंखाची पुढची कड टोकाकडे थोडी मागे झुकत असल्याने, बुडाशी त्या कडेपासून 84 मिलिमीटरच्या आसपास. लाल खूण 106 मिलिमीटरवर होती. दोन बोटांच्या रुंदीहूनही कमी असलेला हा 22 मिलिमीटरचा फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण विमान आपणहून सावरण्याची शक्ती त्यात जवळजवळ संपते.

अपघात होऊन दुरुस्त केलेले विमान विकण्यात काही गैर नाही. तसे सांगून निम्म्या किमतीत कोणी दिले असते तर मी आनंदाने घेतले असते. इथे मात्र ज्या खुणेवर विकत घेणाऱ्याची सुरक्षितता अवलंबून असते तीच जाणूनबुजून खोटी केली गेली. पावणेतीन किलोंचे ते विमान त्या दिवशी उसात पडले. बांधावर दोन मुले उभी होती.

म्हणून इचलकरंजीच्या परिचितांना मी सांगितले की बोटांवरचे छायाचित्र बाजूला ठेवा आणि विक्रेत्याकडून बॅटरीसह विमान काट्यावर ठेवल्याचे चित्रीकरण मागवा, काऊल काढून आतला भाग दाखवायला सांगा आणि शेपटीच्या सांध्यांवर उजेड टाकून पाहा. पंख स्वतः मोजा आणि खूण स्वतः करा. विमान हातात आल्यावर दोन्ही पुढची चाके एका काट्यावर आणि शेपटीचे चाक दुसऱ्या काट्यावर ठेवून, धड आडवे राहील असा आधार देऊन वजन घ्या. शेपटीच्या वजनाला पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतराने गुणून एकूण वजनाने भागले की गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या किती मागे आहे ते कळते. माझ्या विमानाची चाके पंखाच्या पुढच्या कडेच्या बरोबर खाली होती आणि चाकांमधले अंतर 78 सेंटिमीटर. शेपटीखालच्या काट्याने 386 ग्रॅम दाखवले असते, तर गुणाकार-भागाकाराअंती 106 मिलिमीटरच आले असते आणि मी विमान उडवलेच नसते. सगळी रक्कम आधी देऊ नका, आणि संभाषण फोनवर न करता लेखी ठेवा.

पैसे ऑनलाइन गेले असतील आणि फसवणूक लगेच लक्षात आली असेल, तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावे. विक्रेता व्यवसाय म्हणून विमाने विकत असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 1915 या हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते. मी तक्रार अर्ज दिला आहे. सोबत पैसे भरल्याच्या पावत्या, त्याने वजन लिहून पाठवलेला संदेश आणि ते छायाचित्र जोडले आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. सोललेला शेपटीचा तुकडा, इपॉक्सीचे पापुद्रे आणि शिशाच्या चकत्या मी वेगवेगळ्या पिशव्यांत घालून, प्रत्येकीवर वजन लिहून काकांच्या वर्कशॉपमध्ये ठेवल्या आहेत. जुने विमान घ्यायचा विचार करणाऱ्या कोणीही आधी तिथे येऊन त्या हातात घेऊन पाहाव्यात. इचलकरंजीच्या परिचितांनी त्या विक्रेत्याकडे काट्यावरचे चित्रीकरण मागितले, त्याला आज सहा दिवस झाले. त्याचे उत्तर आलेले नाही.