कपाशीवरची फवारणी : पाठीवरचा पंप की ड्रोन?

नागपूर जिल्ह्यातील काटोल, सावनेर, हिंगणा भागांत कपाशी कमरेएवढी वाढली की तुडतुडे, पांढरी माशी आणि गुलाबी बोंडअळी यांच्यासाठी फवारणीचा प्रश्न उभा राहतो. पाठीवरच्या पंपात सुमारे पंधरा लिटर पाणी मावते; एकराला दीडशे ते दोनशे लिटर द्रावण लागते आणि त्यात मजुराचा बराचसा दिवस जातो. ड्रोन तेवढेच क्षेत्र साधारण दहा लिटरमध्ये, काही मिनिटांत उरकतो, शिवाय काळ्या जमिनीत पाय रुतत असतानाही त्याचे काम अडत नाही.

माझ्या मते ड्रोनची खरी बाजू वेळेची नसून सुरक्षिततेची आहे. २०१७ मध्ये विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला. दाट, उंच पिकातून चालताना औषध अंगावर आणि श्वासात जाते, तो धोका दुरून चालवलेल्या यंत्रात बराच कमी होतो. (औषध कालवणाऱ्याने मात्र हातमोजे घालावेतच.)

तरीही पंप अडगळीत टाकण्याजोगा नाही. पानांच्या खालच्या बाजूस बसलेल्या किडीपर्यंत नोझल वळवता येते. दाट पिकात ड्रोनचे थोडके द्रावण खालच्या पानांपर्यंत कमी पोहोचते. वारा असल्यास बारीक थेंब धुऱ्यापलीकडच्या संत्राबागेत जातात, म्हणून तणनाशकासाठी मी ड्रोन बोलावणार नाही. विमानतळालगतच्या शिवारात उड्डाणाची परवानगीही पाहावी लागते. दोन-तीन एकरवाल्याने ड्रोन विकत न घेता भाड्याने आणावा, आणि तोही शेजाऱ्यांसोबत एकाच दिवशी.